बत्तीसपैकी आठच!

ऐकलंत का? चाळिशी ओलांडलेली, गुडघ्यांचे एक्स-रे काढून बसलेली माणसं सध्या म्हणे उड्या मारतायत. स्वतः नव्हे हो, मारिओला मारायला लावतायत! पोरं झोपली, ओटा पुसून झाला की हॉलमध्ये तो ओळखीचा बाजा सुरू होतो. गेम कुठला, तर १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. जपानच्या निन्टेंडो कंपनीचा, शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला. सगळा मिळून ४० किलोबाइटचा. सकाळी येणारा गुलाबाचा शुभेच्छा-फोटोसुद्धा त्याहून जड असतो! आणि एवढाच गेम भल्याभल्यांना रोज रात्री खड्ड्यात घालतोय.

यात कोण कोण सामील आहे, तेही ऐका. दिवसभर लोकांची कर्जं नामंजूर करणारे मॅनेजर आहेत, दाढा उपटणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, एरवी लिफ्ट बंद असली की सेक्रेटरीला फोन करणारे काकाही आहेत. सगळे नव्वदच्या दशकात वाढलेले. तेव्हा फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राची नक्कल केलेले व्हिडिओ गेम घरोघरी आले होते. वरून पिवळी कॅसेट खुपसायची, चालली नाही तर फुंकर मारायची. कॅसेटवर छापलेलं असायचं ‘९९९९९९ इन १’, आत तेच पाच-सहा गेम नावं बदलून फिरत राहायचे. फसवणूक तिथूनच सुरू झाली म्हणायची.

आता या मंडळींचं नवं तुणतुणं ऐका: “आमचा नेम चुकत नाही, टीव्ही उशीर करतो!” नवल म्हणजे यात थोडं तथ्य आहे. सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर प्रक्रिया करतो, त्यात बटण आणि उडी यांच्यात क्षणाचा फरक पडतो. जुन्या डब्बा टीव्हीत तो जवळजवळ नसायचा. मग काय, ज्या टीव्हीला बायकोनं हौसेनं घराबाहेर काढलं, तसलाच शोधत साहेब भंगारवाल्याच्या दारात उभे! भंगारवाल्यानंही भाव वाढवला तर त्याचं काय चुकलं?

पण खरी भानगड पुढे आहे. आठवतोय का तो गल्लीतला हिरो, ‘आपण मारिओ संपवलाय’ म्हणत कॉलर ताठ करून हिंडणारा? त्याचं बिंग फुटलंय. १-२ मध्ये, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये, छताच्या विटांवरून पळत गेलं की शेवटी गुप्त पाइप लागतात, त्यातला एक थेट चौथ्या वर्ल्डमध्ये नेतो. ४-२ मध्ये लपलेली वेल चढली की आठव्या वर्ल्डचा पाइप. म्हणजे हिरोनं खेळल्या किती लेव्हल? पहिल्या वर्ल्डमधल्या दोन, चौथ्यातल्या दोन आणि आठव्यातल्या चार. एकूण आठ! गेममध्ये आहेत बत्तीस. रुपयातले चार आणे खर्चून लेकाचा पंचवीस वर्षं मिरवतोय. ७-४चा किल्ला त्यानं पाहिलाच नाही. तिथे रस्ता चुकला की तोच बोळ पुन्हा पुन्हा समोर येतो आणि घड्याळ पळत राहतं. आणि या गेमचा पडदा मागे सरकत नाही, हे तर माहीतच आहे. सुटलेलं सुटलं.

आणखी एक आतली गोष्ट. ज्यांनी सगळे किल्ले सर केले त्यांचीही फसगतच. पहिल्या सात किल्ल्यांत वाट अडवणारा ड्रॅगन हा ड्रॅगन नव्हेच! आगीच्या गोळ्या घालून मारला की सोंग गळून पडतं आणि आतून निघतो एखादा किरकोळ शिपाई. पहिल्या किल्ल्यात तर ते सुरुवातीला भेटणारं तपकिरी ध्यानच. खरा ड्रॅगन बसलाय ८-४ मध्ये.

या मंडळींत उभी फूटही पडलीय बरं का. निन्टेंडो स्विचवर हाच गेम आता रिवाइंडच्या सोयीसह मिळतो. खड्ड्यात पडलात? मागे न्या, पुन्हा उडी मारा. एक गट म्हणतो, आम्हाला सकाळी ऑफिस आहे. दुसरा गट त्यांच्याकडे उपासाला बटाटेवडा खाल्ल्यासारखं बघतो. हे दुसरे स्वतःला सोवळे समजतात, पण गेम ओव्हर झाल्यावर ‘ए’ दाबून स्टार्ट केलं की ज्या वर्ल्डमध्ये मेलं त्याच वर्ल्डपासून परत खेळता येतं, हे गुपित त्यांचेही हात रोज वापरतात!

लोभ्यांची गत तर विचारूच नका. ३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवर कासवावर नीट उड्या मारत राहिलं की लाइफ फुकट मिळत जातात. मंडळी तासभर तेच करतात. पण साठा सव्वाशेच्या थोडा पलीकडे गेला की मशीनचा हिशेब उलटतो आणि एकदा मेलं की थेट गेम ओव्हर. एवढी माया जमवून शेवटी हाती धुपाटणं!

एवढं करून ड्रॅगनच्या कैदेतली राजकन्या सुटलीच, तर बक्षीस काय? हाच गेम पुन्हा खेळा, यावेळी अधिक कठीण. हेच या लोकांना आवडतंय, हे सगळ्यात लाजिरवाणं. ऑफिसात हाताखालची माणसं यांच्या प्रत्येक वाक्याला ‘वा सर’ म्हणतात. इथे एक कासव पदनाम न विचारता उडवून टाकतं, आणि यांना त्यात समाधान मिळतं!

आता ताजी खबर. काहींनी म्हणे १९८६चा दुसरा भाग हाती घेतलाय, जो तेव्हा फार कठीण म्हणून अमेरिकेत आलाच नाही. त्यात मशरूम विषारी आहेत, वाऱ्याची झुळूक उडी भलतीकडे नेते आणि तिसऱ्या वर्ल्डमधला एक गुप्त पाइप पुढे नाही, चक्क मागे पहिल्या वर्ल्डमध्ये आणून टाकतो. पाइपांच्या जिवावर नाव कमावलेल्या आपल्या हिरोनं त्यात उत्साहानं उडी घेतली म्हणे. आता निदान पहिल्या वर्ल्डमधल्या उरलेल्या दोन लेव्हल तरी त्याला खेळाव्या लागतील!