पडवीतला एकोणिसावा

"काय गं, रात्री बारापर्यंत दिवा चालू होता तुमच्याकडे?" तांब्याला चिंच चोळता चोळता काकूंनी विचारलंच. कुंपणाला जास्वंद लावून काही उपयोग नाही, त्यांना पलीकडचं सगळं दिसतं.

"लेकीची परीक्षा, काकू. अकरावीचं रसायनशास्त्र. अणूत इलेक्ट्रॉन कुठं कुठं बसतात, ते पाठ चाललं होतं."

"त्यात काय पाठ करायचं?"

"अहो, केंद्रकाभोवती एकाबाहेर एक कवचं. पहिल्यात २ मावतात, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८."

"मग आतून बाहेर भरत यायचं. झालं!"

"तिथंच तर गोम आहे. पोटॅशियमचे १९. पहिल्यात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ८. तिथं अजून १० जणांची सोय, तरी एकोणिसावा जातो चौथ्यात!"

"हातची जागा सोडून?"

"त्या १० जागांना 'डी' म्हणतात. तिथं बसण्यापेक्षा चौथ्याच्या 'एस'मध्ये ऊर्जा कमी लागते."

"म्हणजे माजघरावरचा माळा म्हण की. खोली आतलीच, पण त्या शिडीनं चढतंय कोण! पाहुणा आपला पडवीत पथारी टाकतो."

अगदी तसंच. कॅल्शियमचा विसावाही पडवीतच. माळ्यावर पहिला चढतो तो २१ व्या स्कँडियमचा.

"आणि कवचातल्या एकेका छोट्या खोलीत दोघंच हं, काकू. तेही उलट्या फिरकीचे. १९२५ साली पाउली नावाच्या जेमतेम पंचविशीच्या पोरानं हा नियम घातला."

"दोघं, नि तोंडं दोन दिशांना! आमच्या थोरल्या जाऊबाई नि भावजींचा संसार बघितला होता वाटतं त्यानं."

"सारख्या खोल्या रिकाम्या असल्या, तर आधी प्रत्येकानं एकेक धरायची. जोडी नंतर."

"एसटीत काय वेगळं असतं? आधी खिडक्या भरतात."

मी आवाज खाली आणला. "पण तुमच्या हातात आहे ना, ते बेटं नियम मोडतं. तांब्याचे २९. रीतीनं माळ्यावर ९ नि पडवीत २ हवेत. ते पडवीतला एक उचलून वर चढवतं. माळ्यावर १० पुरे, पडवीत एकटाच. क्रोमियमचीही तीच तऱ्हा, वर ५ नि बाहेर १."

"कशाला ही उठाठेव?"

"माळा पूर्ण किंवा बरोबर अर्धा भरला की अणूला जास्त स्थैर्य येतं, असं पुस्तक म्हणतं." मला स्वतःला ते कारण अजून पुरतं पटलेलं नाही, पण लेकीसमोर मान डोलावली.

"आणि जायची वेळ आली की आधी कोण?"

प्रश्न बघा! लेकीनं हा विचारला नव्हता. "पडवीतलेच, काकू. लोखंडाचे २ गेले, तर ते बाहेरचेच जातात. माळ्यावरचे ६ जागच्या जागी."

"आधी आले नि आधीच गेले." काकूंनी तांब्या उन्हात उपडा घातला आणि कुंपणावर रेलल्या. "समोरच्यांचा भाडेकरू परवा रात्री टेंपो घेऊन गेला, कळलं का तुला?"