ओला प्लग

इंजिनकाम करून घरी आलेल्या स्कूटरला मोतीबिंदू काढून आलेल्या आजोबांची कळा असते. जो येतो तो दोन बोटं नाचवून विचारतो, ‘आता कसं?’ वडिलांची चेतक त्या रविवारी सकाळी अशीच भिंगारच्या आमच्या गल्लीत उभी होती. नवा पिस्टन, नव्या रिंगा, बोअर केलेला सिलिंडर, कार्बन खरवडून काढलेला सायलेन्सर. आतून ती पुन्हा पंचविशीत आली होती म्हणे. बाहेरून मात्र तोच विटका निळा रंग आणि डाव्या गालावरचा जुना पोचा. मी किक मारली. एक दमेकरी उसासा टाकून ती गप्प झाली. विसाव्या किकेपर्यंत उसासे आम्ही दोघंही टाकत होतो.

बंद पडलेली मोटार ही मालकाची खासगी अडचण असते. चालू न होणारी स्कूटर गल्लीची मालमत्ता होते. समोरच्या किराणावाल्यांनी गल्ल्यावरूनच विचारलं, ‘कॉक उघडलाय ना?’ उघडला होता, हे ऐकून ते जरासे हिरमुसले. कुणी चोक ओढायला सांगितला, कुणी सेकंड टाकून ढकलायला लावली. दूधवाल्याचा पोरगा बराच वेळ बटन शोधत होता. अखेर प्लग काढला तर तो ओलाचिंब. ‘ओव्हर झाली!’ तिघं एका सुरात म्हणाले, आणि मग तो विधी झाला. चेतक एका अंगावर कलती करणं हे यंत्रशास्त्रात बसतं की कर्मकांडात, हे मला अजून उमगलेलं नाही. वडील थंडीत रोज ते करत. डबा पायरीवर ठेवून ते तिला इतक्या हळुवार कलवत, की कानात तेल घालताना आई माझं डोकं कलवायची ते आठवावं.

चेतक बाजारात आली १९७२ साली. दुष्काळाचं वर्ष, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आणि इकडे एका स्कूटरला राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव मिळत होतं. त्याच वर्षी आमच्या नगरच्या किनेटिकने लूना आणली. लूनाला पेडल होतं. इंजिन रुसलं तर सायकल समजून घरी या, इतका समंजस विचार मला पुढे कुठल्याच वाहनात दिसला नाही. आईचं मत अर्थात लूनाकडे होतं. वडिलांनी चेतकसाठी नंबर लावला आणि नंबर येईपर्यंत कित्येक वर्षं सायकल हाकली. पेडल त्यांना चुकलं नाही ते नाहीच.

तसं भिंगारला येऊन अडकण्याची परंपरा जुनी आहे. १६८१ साली दख्खन जिंकायला निघालेला औरंगजेब पाव शतक फिरफिर फिरून १७०७ साली इथल्याच छावणीत थांबला, तो कायमचा. दिल्ली काही त्याला पुन्हा दिसली नाही. त्याच्यापाशी हत्ती होते, तोफा होत्या. मला नुसतं पाथर्डी रस्त्यावरच्या गिरणीतून दळण आणायचं होतं.

शेवटी सुभेदारकाका आले. त्यांचा जन्म रणगाड्यांत गेला. जवळपास चाळीस टनांचा विजयंता त्यांनी वाळूत पळवलेला. पाहुण्यांना इथलं रणगाडा संग्रहालय दाखवायला नेलं की तिथल्या पॅटनला ते शेजाऱ्याच्या म्हशीसारखं थोपटतात. त्यांनी किकेला पाय लावला नाही. खुर्ची मागवली.

‘पेट्रोल?’

‘येतंय, काका.’

‘ठिणगी?’

प्लग इंजिनाला टेकवून किक मारली. निळी ठिणगी उडाली.

‘मग हवा कुणी पाहिली?’

कुणीच पाहिली नव्हती. टायरमधली सोडली तर हवेचा कोण विचार करतं? कार्बोरेटरचा डबा उघडला. हवा आत नेणाऱ्या रबरी नळीच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसलेला. कचरा जाऊ नये म्हणून मेकॅनिकने काळजीने कोंबला होता आणि मग तो विसरला होता. सकाळपासून बिचारी गुदमरून नुसतं पेट्रोल पीत होती, आणि आम्ही तिचा प्लग पुसत होतो.

मी बोळा ओढला. तो उलगडत लांब होत गेला. पांढऱ्यावर बारीक निळी चौकट. वडिलांच्या हयातीत शर्ट विरला की तो स्कूटरचा होई. सकाळी गाडी पुसताना त्यांच्या अंगावर यंदाचा शर्ट असे आणि हातात गेल्या सालचा. पुढच्या डिकीत राहिलेला हा शेवटचा. काजं तेवढी शाबूत होती. आईने तो माझ्या हातातून घेतला, दारातच गुडघ्यावर पसरून सरळ केला, नाकाशी नेला आणि म्हणाली, ‘हा वास धुऊन जायचा नाही.’ धुवायला मात्र तिने तो टाकला नाही.

दुसऱ्या किकेला चेतक चालू झाली. गल्ली धुराने भरली. किराणावाले खोकत खोकत हसले. ‘बोअर नवीन आहे, पळवू नकोस,’ सुभेदारकाका खुर्चीतूनच ओरडले. मी तिला सावकाश पाथर्डी रस्त्यापर्यंत नेली. रविवारी गिरणी बाराला बंद होते.