गुडघ्यांचा कार्पेट एरिया

विमान कंपन्यांच्या हिशेबात प्रवाशाला दोनच मापं असतात, एक रुंदीचं आणि एक लांबीचं. रुंदीत खांदे आणि बूड येतं, लांबीत गुडघे. रुंदी विमान बनवणारा ठरवतो, लांबी विमान चालवणारा. वय, वजन, संधिवात आणि मांडीवर बसवलेला दीड वर्षाचा चिरंजीव या बाबी दोघांच्याही खात्यात येत नाहीत.

रुंदीचा मामला आधी उरकून घेऊ. मुंबई-दिल्ली किंवा पुणे-बंगळुरू अशा तास-दोन तासांच्या प्रवासात आपल्या वाट्याला जी जेट येतात ती बहुतेक दोन घराण्यांतली: एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७. दोन्हींत वाटेच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन. एअरबसची केबिन आतून साधारण ३.७० मीटर रुंद, बोइंगची ३.५४. फरक सोळा सेंटिमीटरांचा. तो सहा जणांत वाटला की दरडोई जेमतेम इंचभर पडतो. एअरबसमध्ये बूड अठरा इंचांत बसवायचं, बोइंगमध्ये सतरा. ७३७ पहिल्यांदा उडालं १९६७ साली, आणि त्याच्या धडाचा घेर आला त्याहून थोरल्या ७०७ वरून, म्हणजे पन्नासच्या दशकातून. पुढे इंजिनं बदलली, पंख बदलले, कॉकपिट बदललं. माणसंही बदलली, आणि तीही रुंदीतच. घेर मात्र तोच राहिला.

एअरबसला या इंचाचा इतका अभिमान की २०१३ मध्ये तिने लांबच्या प्रवासासाठी अठरा इंच हे किमान माप ठरवा, अशी जाहीर मागणीच केली. मागणी निव्वळ लोककल्याणाची होती. प्रतिस्पर्ध्याच्या अनेक विमानांतल्या सीटा त्या मापात बसत नव्हत्या, हा योगायोग.

आता गुडघे. विमानवाले ज्याला ‘पिच’ म्हणतात ते माप पुढच्या सीटवरच्या एका बिंदूपासून तुमच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंत घेतात. मुंबई-पुण्यात ज्याने एकदा तरी फ्लॅट बघितलाय त्याच्या हे लगेच लक्षात येईल. हा सुपर बिल्ट-अप आहे! पुढच्या सीटच्या पाठीची जाडी, तिच्यातला फोम, तुमच्यासमोरचं घडीचं टेबल आणि आजवर कोणीही न वाचलेलं सुरक्षेचं कार्ड ज्या खिशात असतं तो खिसा, हे सगळं त्या अठ्ठावीस-तीस इंचांत धरलेलं असतं. गुडघ्यांचा कार्पेट एरिया निराळा, आणि तो तिकिटावर छापत नाहीत. रेरा आल्यापासून बिल्डरला निदान कार्पेट एरिया सांगावा तरी लागतो. आकाशात अजून रेरा पोचलेला नाही.

अर्थात कंपन्यांनी कार्पेट एरिया वाढवायचे प्रयत्न केले नाहीत असं कोणी म्हणू नये. त्यांनी भिंती पातळ केल्या. पूर्वीच्या सीटची पाठ चांगली गुबगुबीत असायची. हल्लीची नवी सीट बाजूने बघा, पापडाशी नातं सांगेल. खिसा गुडघ्यांपासून उचलून टेबलाच्या वर नेला. मागे स्वयंपाकघर आणि संडास एकमेकांना चिकटवून शेवटच्या भिंतीला टेकवले. या सगळ्यातून जी जागा निघाली ती प्रवाशांसाठीच वापरली, यात शंका नाही. फक्त ते प्रवासी नवे होते. ज्या ए-३२० मध्ये भरगच्च भरली तरी १८० माणसं मावत, त्यात आता १८६ बसतात.

पाठ मागे टेकवायची सोयही हळूहळू नाहीशी होतेय. काही कंपन्यांनी सीट एकाच कोनात पक्की करून टाकली आणि जाहीर केलं की ती आधीच थोडी मागे झुकवलेली आहे. तुमच्या आरामाचा निर्णय कारखान्यातच झाला, तुम्हाला बटण दाबायचीही तसदी नको. याबद्दल मी कंपन्यांचे मनापासून आभार मानतो, उपहास बाजूला ठेवून. जिथे बटण शिल्लक आहे तिथे काय चालतं ते ऐकून सगळ्यांनाच ठाऊक आहे:

“दादा, सीट जरा पुढे घेता का?”

“काका, मी सीटचे पैसे भरलेत.”

“मग मी काय गुडघे फुकट आणलेत?”

अमेरिकेत हेच भांडण पार विमान उतरवण्यापर्यंत गेलं. तिकडे ‘नी डिफेंडर’ नावाची प्लॅस्टिकची चिमुकली खुंटी मिळायची. ती आपल्या टेबलाच्या दांड्यांना लावली की पुढची सीट मागे येत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूअर्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एका गृहस्थाने ती लावली, पुढच्या बाईंनी त्यांच्या अंगावर पाणी फेकलं आणि वैमानिकाने विमान शिकागोला वळवलं. यातला मला आवडलेला तपशील वेगळाच. ही दोघं ज्या भागात बसली होती तो जादा पैसे भरून पाय पसरायला मिळण्याचा भाग होता.

मग प्रकरण कोर्टात गेलं. खुंटीचं नव्हे, इंचांचं. प्रवाशांच्या एका संघटनेच्या अर्जावर वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला आणि न्यायमूर्ती पॅट्रिशिया मिलेट यांनी त्यात आकसत जाणाऱ्या सीटवर चिमटेही काढले. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून विमान वाहतूक प्रशासनाला किमान माप ठरवायला सांगितलं. प्रशासन म्हणालं, प्रयोग करून बघू. नियम असा की निम्मी दारं बंद धरून सगळं विमान नव्वद सेकंदांत रिकामं झालं पाहिजे. ओक्लाहोमा सिटीत केबिनचा सांगाडा उभा केला, स्वयंसेवक आणले, अंतर अठ्ठावीस इंचांपर्यंत कमी केलं आणि माणसांना बाहेर पळायला लावलं. स्वयंसेवक सगळे धडधाकट, साठीच्या आतले. लहान मूल नाही, काठी नाही, आजी नाही. निष्कर्ष काय, तर इतक्या जागेतूनही ९९ टक्के अमेरिकनांना विनाअडथळा बाहेर पडता येईल. पडता येतही असेल. अठ्ठावीस इंचांतून बाहेर पडायची घाई कोणाला नसते? तिथे बसता येतं का, हे मात्र कोणी तपासलं नाही, कारण तो सुरक्षेचा प्रश्न नव्हता.

या तुलनेत ज्यांना आपण नाक मुरडतो त्या छोट्या विमानांची इज्जत मोठी आहे. पंख्याचं एटीआर ७२ दिसलं की आपल्याकडे लगेच “अरे बापरे, हे उडतं का?” सुरू होतं. पण त्यात दोन-दोन सीटा असतात. मधली सीट नावाची शिक्षाच नाही! कोपरासाठी दोन्हीकडच्या अनोळखी माणसांशी सीमावाद नाही. पंख खिडकीच्या वर असल्यामुळे खाली किनारा, खाडी, कौलं सगळं मोकळं दिसतं. दार मागे, म्हणून शेवटच्या रांगेतला माणूस सगळ्यांत आधी उतरतो; हा सामाजिक न्याय अन्य कुठल्या वाहनात मिळत नाही. तक्रार म्हणाल तर आवाजाची, आणि डोक्यावरच्या कप्प्याची. मोठ्या विमानात सहज मावणारी चाकांची बॅग त्यात जाता जात नाही आणि तिचा मालक ती आडवी, उभी, तिरकी घालून बघताना मागे सगळी रांग तिष्ठत राहते.

त्याहून भारी एम्ब्रेअर १४५. हे ब्राझीलचं पन्नास आसनी जेट आपल्या कोल्हापूरच्या घोडावतांची स्टार एअर चालवते. त्यात एका बाजूला दोन सीटा आणि दुसऱ्या बाजूला चक्क एकच. ती खिडकीचीही आणि वाटेचीही. शेजारी नाहीच. मराठी माणसाची स्वर्गाची कल्पना याहून फार वेगळी असेल असं मला वाटत नाही.

खिडकीवरून आठवलं. बऱ्याच ७३७ विमानांत दहाव्या-अकराव्या रांगेच्या आसपास, डावीकडे, खिडकीच्या जागी कोरी भिंत असते, कारण आतून वातानुकूलनाचा नळ वर गेलेला असतो. तिथे बसणाऱ्यानेही पुष्कळदा खिडकीचेच पैसे मोजलेले असतात.

पण कल्पकतेचं पहिलं बक्षीस युरोपला. तिथल्या छोट्या पल्ल्याच्या विमानांत ‘बिझनेस क्लास’ म्हणून जे विकतात ती बहुतेक ठिकाणी तीच सीट असते, तेवढीच रुंद. फक्त मधली रिकामी ठेवतात आणि मागे एक पडदा सोडतात. पडदा सरकता असतो. बिझनेसची तिकिटं जास्त गेली की चार रांगा मागे, कमी गेली की पुढे. सकाळी सातव्या रांगेत बसलेला माणूस साहेब असतो, संध्याकाळी त्याच रांगेतल्याला पाणीही विकत घ्यावं लागतं. आपल्याकडे अजून इतकी प्रगती नाही. इंडिगोने अठरा वर्षं एकाच वर्गावर काढली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबईला बारा ऐसपैस सीटा बसवल्या, तर त्या खरोखरच ऐसपैस, दोन-दोनच्या. पडद्यावर भागलं असतं हे कोणी सांगितलं नसावं.

बाकीच्यांसाठी आहे आपत्कालीन दाराची रांग. जागा ऐसपैस, म्हणून भाव जास्त. ए-३२० मधलं पंखावरचं ते दार पंधराएक किलोचं असतं आणि वेळ आली तर ते काढून बाहेर टाकायचं काम त्या रांगेतल्यांचं. जादा पैसे भरून हमाली करण्याची ही संधी मिळवायला लोक आदल्या दिवशीपासून फोन घेऊन बसतात. उड्डाणाआधी हवाई सुंदरी येते, वाकून विचारते, “सर, गरज पडली तर तुम्ही मदत करायला तयार आहात ना?” सर पाय लांब पसरून, कानातलं न काढता, अंगठा दाखवतात. त्यांनी पैसे पायांचे भरलेत, दाराचे नाहीत.