दोन किलोंचा डीजे

"मामा, मी डीजे घेतोय," असं भाच्याने जाहीर केलं आणि ताई होती तिथेच खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं ते मला दिसत होतं: खाली बेसची रांग, वर टॉप, मागे जनरेटर, पुढे ट्रॅक्टर, आणि हे सगळं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तिच्या स्कूटीच्या जागेवर.

तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडे डीजे हा माणूस नसतो, वाहन असतं. 'डीजे आला' म्हटलं की गल्ली रिकामी होते. 'डीजे अडकला' म्हटलं की लोंबकळणाऱ्या वायरी वर उचलायला एक पोरगा बांबू घेऊन धावतो. मूळ शब्द तबकड्या बदलणाऱ्या माणसाचा. तो आपण बेसला बहाल केला आणि माणसाला 'ऑपरेटर' करून टाकलं, लिफ्टला असतो तसा.

भाच्याला हवा होता तो कंट्रोलर. हार्मोनियमच्या पेटीपेक्षा हलका, टेबलावर मावणारा डबा. दोन बाजूंना दोन गोल चकत्या, मधे आवाजाच्या सरकपट्ट्या, खाली बोटांनी ठोकायची चौकोनी बटणं. गाणी लॅपटॉपमध्ये, आवाज स्पीकरमध्ये, आणि हा डबा मधला मध्यस्थ. त्याला स्वतःला आवाज नाही.

"आवाजच नाही? मग घे," ताई म्हणाली.

आम्ही पुण्याच्या तापकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने भाच्याकडे पाहिलं, माझ्या खिशाकडे पाहिलं आणि सर्वांत मोठा खोका काढला. "काका, चार चॅनेल. एका वेळी चार गाणी मिक्स." घरच्या पार्टीत लोक एक गाणं धड पूर्ण होऊ देत नाहीत, आणि हे चार एकदम वाजवायला निघाले होते. मी म्हटलं, दोनचा दाखवा. एक वाजतंय, एक वाट बघतंय. नवशिक्याला त्याच्या पलीकडे काय लागतं? त्याने बटणं मोजून दाखवायला सुरुवात केली. बटणांच्या संख्येवर यंत्र विकत घ्यायची आपली सवय जुनीच. मिक्सर-ग्राइंडरलाही सहा स्पीड असतात, घरात चटणी मात्र एकाच स्पीडवर होते.

मी एकच विचारलं, "स्पीकरवर एक गाणं चालू असताना हेडफोनमध्ये दुसरं ऐकता येतं का?"

"येतं की. ब्लूटूथनेपण येतं."

इथे मी भाच्याचा दंड धरून त्याला दुकानाच्या पायरीवर आणला. या सगळ्या धंद्याची मेख त्या एका भोकात आहे, हेडफोनच्या. चकत्या, दिवे, पॅड हा सगळा दागिना. डीजे म्हणजे पुढचं गाणं लोकांच्या आधी ऐकणारा माणूस. ते कुठून धरायचं, चालू ठेक्यावर ते बसतंय का, हे त्याला आधी आपल्या कानात कळायला हवं. एरवी एक गाणं थांबवून दुसरं लावणं आमच्या वाडीतला मंडपवालाही करत होता, कॅसेट उलटी करून.

गंमत म्हणजे हा सगळा प्रकार सुरूच झाला तो घरगुती पार्टीतून. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू नावाच्या इमारतीच्या करमणुकीच्या खोलीत. आपल्या भाषेत सोसायटीचं क्लबहाउस. ११ ऑगस्ट १९७३. सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी पार्टी ठेवली, मुलींना २५ सेंट आणि मुलग्यांना ५० सेंट तिकीट लावलं, आणि गाणी वाजवायला भावाला बसवलं. जमैकात जन्मलेला हा भाऊ पुढे कूल हर्क म्हणून गाजला. गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा आला की लोक जास्त नाचतात हे त्याने हेरलं होतं. दोन तबकड्यांवर तो तुकडा तो लांबवत नेऊ लागला, आणि हिप-हॉपचा जन्म लोक तिथपासून मोजतात. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने दुसरी तबकडी आधी एकट्याच्या कानात ऐकू यावी म्हणून बटणाची सोय करून घेतली. आज खोक्यावर हेडफोनसाठी 'क्यू' लिहिलेलं जे बटण असतं ते त्याच सोयीचं. म्हणजे दोन तबकड्या, एक मिक्सर, एक हेडफोन. चार चॅनेलशिवाय जग इथवर आलं.

आता ब्लूटूथ. मिनिटाला १२० बीटच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशिरा पोचतो. तुम्ही बोट ठेवता तेव्हा ठोका निघून गेलेला असतो. गाणी ऐकायला ठीक, वाजवायला नाही. म्हणून वायर. कपाळाला आठ्या पडल्या तरी वायरच.

आणि कंट्रोलरमध्ये स्वतःचं साउंड कार्ड हवं, म्हणजे स्पीकरकडे आणि कानाकडे असे दोन वेगळे आवाज त्यातून निघतात. स्वस्तातल्या सगळ्या डब्यांत ते नसतं. पायोनियर डीजेचा डीडीजे-२०० दिसायला गोजिरा, पण त्यात साउंड कार्ड नाही. फाटे फोडणारी वायर लावून डावा कान लोकांना आणि उजवा आपल्याला, असा संसार करावा लागतो. त्याच कंपनीचा डीडीजे-एफएलएक्स४ मात्र साउंड कार्डासह येतो, वजन दोन किलोंच्या आसपास, माइकलाही जागा, आणि रेकॉर्डबॉक्स, सेराटो डीजे लाइट या दोन्ही सॉफ्टवेअरवर चालतो. नवशिक्याने पैसे साठवावेत तर ते याच्यासाठी, असं माझं मत. त्याहून कमी पैशांत न्यूमार्कचा डीजेटूगो२ टच आहे, पट्टीएवढा लांबट, दप्तरात मावणारा. साउंड कार्ड त्यातही आहे. माइकची सोय मात्र नाही, आणि आपल्याकडच्या कार्यक्रमात माइकाशिवाय कसं होणार? 'पांढरी स्विफ्ट गेटसमोरून काढा' हे कोण सांगणार? न्यूमार्कच्याच पार्टी मिक्समध्ये रंगीत दिवे आतच बसवलेले असतात. भाच्याचे डोळे तिथे चमकले. मी म्हटलं, दिव्यांची माळ बोहरी आळीत मिळेल.

शिकायचंच असेल तर हर्क्युलिसच्या इनपल्स मालिकेतली एक युक्ती मला आवडली. दोन गाण्यांचा वेग जुळत नसेल तर छोटे दिवे बाण दाखवतात: हळू कर, पुढे ढकल. हात धरून शिकवणारा मास्तर जसा. नाहीतर प्रत्येक डब्यावर 'सिंक' असतं. एक दाबलं की वेग जुळला.

जुळला म्हणजे इंग्रजी गाण्यांचा. संगणकावर बनलेल्या ठेक्यात काटेकोरपणा असतो, तिथे सिंक देवासारखं धावून येतं. भाच्याने पहिल्याच संध्याकाळी एक जुनी लावणी चढवली. पडद्यावर सॉफ्टवेअरने आखलेल्या उभ्या रेघा आणि ढोलकीची थाप सुरुवातीला गळ्यात गळा घालून निघाली. दुसऱ्या कडव्याला थाप रेघेच्या बोटभर पुढे. सम येईपर्यंत दोघं अनोळखी. ढोलकीवाला माणूस होता, गाणं रंगलं तसा तो चढला. त्याला कुठे ठाऊक की पुढे कधी आपल्या मात्रा मोजायला यंत्र बसणार आहे. कोळीगीतांचं तर वेगळंच. सहाच्या हेलकाव्यावर चारचा ठोका ठेवला की पडद्यावर आकडे सारखे दिसतात आणि खाली पाय एकमेकांत अडकतात. तिथे सिंक बंद करून कानच लावावा लागतो.

घेतला शेवटी दोन चॅनेलचाच, एका चांगल्या मोबाइलच्या किमतीत. दुकानदार हिरमुसला, पण बदला त्याने घेतलाच. घरी आल्यावर कळलं की डब्यातून लाल-पांढऱ्या पिना निघतात आणि भाड्याच्या स्पीकरला लागते जाडी पिन. त्या वायरीबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता. पस्तीस मिनिटं ट्रॅफिकमधून मी परत.

पहिला प्रयोग आईच्या पंच्याहत्तरीला, गच्चीवर. लॅपटॉपवरची इतर सगळी ॲप बंद कर, असं मी तीनदा सांगितलं होतं. ऐन औक्षणात मेसेजचं 'टिंग' मोठ्या स्पीकरवरून साऱ्या कॉलनीला ऐकू गेलं, आणि तीन काका खिसे चाचपू लागले. मग फर्माइशी. "ते वाजव ना, अरे ते, त्या पिक्चरमधलं." पाच वर्षांच्या पोराला एकच गाणं चार वेळा हवं होतं, आणि मेव्हण्यांना ते गाणं बंद हवं होतं. यावर कोणत्याही कंट्रोलरला बटण नाही.

दहाला पाच कमी असताना चेअरमन जिन्यात दिसले. रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी हे त्यांना २००० सालच्या नियमांसकट पाठ. भाच्याने एक कान हेडफोनमध्ये दाबला, मान वाकवली, शेवटचं गाणं शोधायला लागला. चकतीवरचं बोट मागेपुढे, मागेपुढे.

आई खुर्चीतून त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "त्याला सांग, चांगलं गाणं एकट्यानेच ऐकू नकोस. आम्हालाही लाव की."