नाना ‘बरं’ म्हणाले

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांच्या ओसरीवर बसून आम्ही आकडा टाकला. ‘टाकला’ हा एजंटचा शब्द. आकडा टाकायचा आणि उठायचं, जास्त बोलायचं नाही, चहा आला तर प्यायचा पण दुसऱ्या कपाला नको म्हणायचं, असं त्यानं येताना गाडीवर बजावलं होतं. मी म्हटलं, 28 लाख. एवढी रक्कम स्वतःच्या खिशाच्या संदर्भात मोठ्यानं उच्चारायची माझी पहिलीच वेळ, त्यामुळे आवाज जरा चिरकला. नाना सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला आणि दोन क्षणांनी परत चालू झाला. “बरं,” नाना म्हणाले. एजंटनं गुडघ्यानं माझा गुडघा ढोसला. आम्ही उठलो.

त्या ‘बरं’ला आज 22 दिवस झाले.

‘बरं’ला अर्थ नसतो, नुसता सूर असतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तो सूर नेमका कसा होता यावर आमच्याकडे रोज रात्री जेवताना चर्चा होते. बायकोच्या मते तो खालून वर गेला, म्हणजे पुढे बोलणं आहे. मला तो सपाट वाटला होता. लातूरला आईला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, “अरे, म्हातारं माणूस बरं म्हणालं म्हणजे ऐकू आलं, एवढंच.” मग तिला आठवलं, की माझ्या बहिणीला बघून गेलेलं एक स्थळही ‘बरं, कळवतो’ म्हणालं होतं. त्यांचं कळवणं अजून बाकी आहे. भाची यंदा दहावीला बसली. एजंटला विचारावं तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं. “नाही म्हणाले नाहीत ना? मग झालं तर.”

एजंटच्या जगात माणसं नसतात, पार्ट्या असतात. नाना म्हणजे समोरची पार्टी. मी जेन्युइन पार्टी. हे विशेषण मला सुरुवातीला भूषणाचं वाटलं. पुढे लक्षात आलं, की ज्याला रात्री झोप लागत नाही त्याला या धंद्यात जेन्युइन म्हणतात.

गंमत अशी, की दुसऱ्याकडून तारीख काढून घेणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी स्टोअर्सला आहे. सकाळी सातपासून सप्लायरला फोन लावायचे, गाडी निघाली का? ‘लोडिंग चालू आहे साहेब’ याचा अर्थ माल अजून बनतोय. ‘गाडी निघाली’ याचा अर्थ लोडिंग चालू आहे. ‘तळेगाव चौकात अडकलीय’ हे मात्र खरं धरायचं, कारण तळेगाव चौकात अडकायला कुणाला खोटं बोलावं लागत नाही. आमच्याकडे साध्या वॉशरलाही लीड टाइम लिहिलेला असतो, इतके दिवस, त्यावर एक दिवस गेला की मेल, दोन गेले की साहेबांचा फोन. नानांच्या उत्तराला लीड टाइम नाही. आणि फोन करायला मला बंदी आहे. “आपण फोन केला, की भाव चढला,” असं एजंट म्हणतो. तेव्हा दिवसभर साऱ्या जगाला फोन करणारा मी, संध्याकाळी मोबाइल उलटा ठेवून भाजी निवडतो.

घर तसं काही फार नाही. निघोज्याच्या जुन्या गावठाणात दीड गुंठा जागा. पुढे ओसरी, दोन खोल्या, वर मंगलोरी कौलं, त्यातली निम्मी बदलून पत्रे टाकलेले. मागे न्हाणी, आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं शेवग्याचं झाड. पण त्या घराला पुढचं दार आहे आणि मागचंही दार आहे. 13 वर्षं एकाच दाराच्या खोलीत काढल्यावर मागच्या दाराचं अप्रूप वाटतं. 2009 साली इकडे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, लगोलग महिंद्राचाही आला, आणि गावात खोल्या उगवल्या. दहा बाय बाराच्या सहा खोल्या एका ओळीत, वर परत सहा. बाहेर चपलांची रांग. कुणाची फर्स्ट, कुणाची सेकंड, कुणाची नाईट, त्यामुळे ओळीत कुणी ना कुणी कायम झोपलेलं आणि बाकीचे कायम हळू बोलणारे. माझी मुलगी कुजबुजतच मोठी झाली. मागच्या दारातून परसात जाऊन तिनं एकदा मनसोक्त ओरडावं, एवढ्यासाठी 28 लाख जास्त होतात की कमी, हे मला खरंच ठरवता येत नाही.

आता उत्तराला उशीर का, तर त्याला कारणं आहेत आणि ती सगळी खरी आहेत. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. पूर्वी ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर सगळं भागायचं. 2020 साली स्वामित्व योजना निघाली, गावोगावच्या गावठाणांवर ड्रोन फिरले आणि अशा घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. आमच्या बँकेला ती पत्रिका लागते. नानांच्या घराच्या पत्रिकेवर चार नावं आहेत. नाना, भोसरीला राहणारा त्यांचा धाकटा भाऊ, आणि दोन बहिणी, एक आळंदीजवळ दिलेली, एक शिरूरला. म्हणजे त्या संध्याकाळी मला मिळालं ते पाव ‘बरं’ होतं.

उरलेलं पाऊण गोळा करायचं काम नानांच्या दोन मुलांकडे आहे. थोरला भोसरीत कामाला, त्याची सुट्टी गुरुवारी. धाकटा चाकणला, त्याची रविवारी, त्यातही शिफ्ट. दोघं भाऊ एकाच वेळी जागे आणि घरी असा दिवस सणावाराशिवाय उगवत नाही. म्हणून मग होळी होऊ द्या, झालं. बीज होऊ द्या, झालं. आता पाडवा होऊ द्या असं चाललंय, आणि पाडव्यामागे गावची यात्रा उभी आहेच. एजंट अधूनमधून 1 एप्रिलची भीती घालतो. रेडी रेकनरचे नवे दर त्या तारखेला लागू होतात, वाढले तर मुद्रांकही वाढेल. ही भीती तो दोन्ही पार्ट्यांना घालतो, पण घाबरते फक्त जेन्युइन पार्टी.

बहिणींचं म्हणाल, तर एके काळी त्या दिवाळीला यायच्या, साडी घ्यायच्या आणि हक्कसोडपत्रावर सही करून जायच्या. बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा 1956 च्या कायद्यानंच दिला होता. 2005 च्या दुरुस्तीनं तर वडिलोपार्जित मालमत्तेतही ती जन्मापासून भावाच्या बरोबरीची झाली. हे योग्यच झालं, असं मी नेहमी म्हणत आलो आणि आताही म्हणतो, फक्त हल्ली म्हणताना आवंढा गिळतो. बरं, शिरूरच्या अक्कांचा अडसर पैशाचा नाहीच. एजंटकडून कळलं ते असं, की अक्का म्हणाल्या, भाव काय तो तुम्ही भाऊ-भाऊ बघा, पण परसातल्या शेवग्याला कुणी हात लावणार नाही एवढं कागदावर घ्या. तो शेवगा त्यांच्या आईनं फांदी रोवून लावलेला. एजंट हे सांगताना हसत होता. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, झाडावरचा जीव कुठल्या रकान्यात लिहायचा?

मी हसलो नाही. कारण त्याच आठवड्यात आम्ही मनातल्या मनात तो शेवगा तोडून तिथे गाडी लावली होती.

गावाच्या अंगानं इंद्रायणी जाते. वर देहू, खाली आळंदी, मधे आम्ही. वाटणी आणि वाट बघणं या दोन्ही विषयांत आमच्या वरच्या गावाचा अधिकार मोठा. धाकट्या कान्होबानं हिस्सा मागितला तेव्हा तुकोबांनी सावकारीच्या खतांचे दोन भाग केले, एक भावाला दिला आणि आपला इंद्रायणीत सोडला, असं परंपरा सांगते. असा थोरला भाऊ घरात असला, की व्यवहार एका दुपारी उरकतो आणि एजंट उपाशी मरतो. पुढे वह्या बुडाल्यावर तेच तुकोबा नदीकाठी 13 दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले, आणि वह्या वर आल्या. यंदा बीजेला मी देहूला जाऊन आलो. गर्दीत डोहाकडे बघत उभा असताना आमचे 17 दिवस झाल्याचं आठवलं. असली तुलना करू नये हे कळतं. पण स्टोअर्सच्या माणसाच्या डोक्यात वजाबाकी आपोआप होते.

सर्च रिपोर्टसाठी राजगुरुनगरला वकिलांकडे गेलो होतो, त्यांना विचारलं, माझा हा शब्द किती दिवस मला बांधून ठेवतो? त्यांनी 1872 चा करार कायदा काढला. त्या कायद्यात समजावणीसाठी दिलेली उदाहरणं आहेत, आणि प्रस्ताव पोचणं-स्वीकारणं यासाठी इंग्रजानं उदाहरण घेतलं ते नेमकं घराचंच. ‘अ’ हा ‘ब’ला पत्रानं घर विकायची तयारी कळवतो. ‘ब’नं होकाराचं पत्र टपालात टाकलं, की ‘अ’ बांधला गेला, पत्र अजून वाटेत असलं तरी. तोवर ‘अ’ला शब्द मागे घेता येतो. दीडशे वर्षं झाली, ‘अ’ बिचारा त्या पानावर पोस्टमनची वाट बघत बसलाय. मला एकदम सोबत मिळाल्यासारखं वाटलं. मुदत ठरवलेली नसेल तर वाजवी काळ उलटल्यावर प्रस्ताव आपोआप रद्द होतो, असंही आहे. वाजवी म्हणजे किती, असं विचारल्यावर वकीलसाहेबांनी चहा मागवला. त्याच कलमाचा पुढचा भाग त्यांनी आपण होऊन वाचून दाखवला. प्रस्ताव देणारा मेला किंवा त्याला वेड लागलं, आणि ते समोरच्याला होकार द्यायच्या आधी कळलं, तर प्रस्ताव संपतो. म्हणजे नुसतं वेड लागून उपयोग नाही. ते नानांच्या कानावर जायला हवं.

आणि तशी वेळ फार लांब नसावी, कारण आम्ही त्या घरात राहायला गेलो आहोत. आकडा टाकला त्याच रात्री गेलो. देवघर ओसरीच्या आतल्या कोनाड्यात मांडलं. पहिल्या खोलीला पोपटी रंग दिला, बायकोला आवडला नाही, बदलला. गॅसचा ओटा खिडकीशी घ्यायचा की भिंतीशी, यावर एक अख्खा रविवार भांडलो आणि सोमवारी डबा न घेता कामाला गेलो. पावसाळ्यात कौलं गळतील म्हणून मी गेल्या आठवड्यात खरोखरचा ताडपत्रीचा भाव विचारून आलो. दुकानदारानं माप विचारलं, मी न अडखळता सांगितलं. तिकडे नाना रोज सकाळी त्याच ओसरीवर अडकित्ता घेऊन बसतात, त्यांची सून आमच्या देवघराच्या जागी सायकल टेकवते, आणि रात्री आम्ही सगळे मिळून त्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं झोपतो. भाडं कुणी कुणाला द्यायचं, ते अजून ठरलेलं नाही.

शेवग्याचं ठिसूळ लाकूड, वाऱ्यानं मोडायचंच कधीतरी, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, मग वाऱ्याला मोडू दे. गाडी मी रस्त्यावर घेतली.

काल संध्याकाळी नानांचा नातू सायकलवरून आला. हँडलला कापडाच्या दुकानाची पिशवी, तिच्यातून शेवग्याच्या शेंगा हातभर बाहेर आलेल्या, चिंधीनं बांधलेल्या.

“आजोबांनी दिल्यात.”

“आणखी काही म्हणाले?” मी विचारलं. बायकोनं गॅस बारीक केला.

पोरानं प्रामाणिकपणे आठवलं. “पिशवी परत द्या म्हणाले.”

एजंटला फोन केला. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, “शेंगा किती आहेत?” मोजल्या, 19 होत्या. त्याला त्यातून काही निघालं नाही. शेंगा रेषाळ नव्हत्या, मधोमध फुगलेल्या, तोडून तास झाला नसेल. रात्री आमटी केली. ताटाच्या कडेला चोथ्याचे ढीग होईपर्यंत कुणी बोललं नाही.

आता प्रश्न पिशवीचा. पिशवी रिकामी परत देत नाहीत, हे दोन्ही पार्ट्यांना ठाऊक. साखर घातली तर आम्ही ठरलंच समजलो असं होईल. तांदूळ ओटीसारखे दिसतील. आईनं लातूरहून पाठवलेली तूरडाळ आहे, घरची. बायकोनं पिशवीत किलोभर भरली, मग जास्त वाटली म्हणून अर्धी काढली, मग अर्धी फारच मोजकी दिसते म्हणून पुन्हा भरली. एजंट म्हणतो काहीच देऊ नका, भाव चढेल. शेवटी पिशवीला शेवग्याचा डिंक लागलाय असं निमित्त सापडलं. डाळ डब्यात गेली, पिशवी धुऊन दोरीवर टाकली.

मार्चचं ऊन आहे, तासाभरात वाळायला हवी. सकाळपासून मी तीनदा हात लावून पाहिला. बायको म्हणते, शिवणीपाशी अजून ओली आहे.