चढाओढीचे दप्तर

शर्यतीला रेघ असते आणि स्पर्धेला पारितोषिक असते. चढाओढीला यांपैकी काहीच नसते, आणि म्हणूनच ती टिकते. शर्यत संपली की धावणारे घाम पुसून घरी जातात, स्पर्धेचा निकाल लागला की हरलेल्याला परीक्षकांच्या पक्षपाताविषयी बोलण्यापलीकडे काही कर्तव्य उरत नाही, आणि निवडणुकीतली चुरस मतमोजणीच्या संध्याकाळी आपोआप विझते. परंतु चढाओढ ही वडिलोपार्जित इस्टेटीप्रमाणे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे, आणि बहुधा वाढीव स्वरूपातच, संक्रमित होत असते. अग्रलेख लिहिणारे तिला 'अहमहमिका' म्हणतात. पण ज्यांच्यात ती असते त्यांना हा शब्द एका दमात उच्चारण्याइतकी उसंत नसते, त्यामुळे माजघरात, नळावर आणि मुंजीच्या मांडवात चढाओढच चालते.

या चढाओढीत मिळवायचे काय असते, असा प्रश्न अर्थशास्त्राचे प्राध्यापक विचारतात, आणि तेथेच त्यांचे शास्त्र आमच्या समाजापुढे हात टेकते. आम्हांला मिळवायचे काहीच नसते. फक्त शेजाऱ्याच्या आधी असायचे असते. आमच्या जुन्या गावांची दप्तरे याची साक्ष देतील. पाटीलकीचे वतन दोघा भावांत वाटले गेले, किंवा अडचणीपायी त्यातली निम्मी तक्षीम विकावी लागली, की जमिनीचा हिशेब चार ओळींत उरकायचा, आणि मग मानपानाचा मजकूर सुरू व्हायचा तो लेखणी झिजेपर्यंत. पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिला बैल कोणाचा, होळीत पहिली पोळी कोणाची, गंध-विडा आधी कोणाला, कागदावर वरचे नाव कोणाचे आणि त्याखाली नांगराची निशाणी कोणाची, हे सारे गोताच्या साक्षीने ठरवून लिहून ठेवावे लागे. थोरल्याने उजवीकडून जावे आणि धाकट्याने डावीकडून, अशा मजकुरावर शहाणीसुरती माणसे मांडी घालून बसत. आज आपल्याला हसू येते. पण बैलांचे मत कोणीच विचारलेले नसल्यामुळे निवाडा निदान लवकर होत असावा.

देवसुद्धा या कज्ज्यातून सुटले नाहीत. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत अग्रभागी कोण, हा वाद लागलीच उभा राहिला. तो लोकमान्यांपुढे गेला, आणि कसब्याचा गणपती ग्रामदैवत म्हणून पहिला, तांबडी जोगेश्वरी ही ग्रामदेवता म्हणून तिचा गणपती दुसरा, असा निर्णय त्यांनी दिला, असे सांगतात. साम्राज्याशी झुंजणाऱ्या पुरुषाला हेही काम करावे लागले, यावरून ते किती अवघड असले पाहिजे याची कल्पना यावी. गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे त्यामागचे तीन मान. हा पाचांचा क्रम आजतागायत अबाधित आहे. त्यांच्या मागे येणाऱ्यांचा क्रम मात्र कोणा लोकमान्याने लावून दिलेला नसल्यामुळे, मंडईतल्या टिळकांच्या पुतळ्यापासून अनंत चतुर्दशीच्या सकाळी निघालेली मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी लक्ष्मी रस्त्यावर चालूच असते.

मी चढाओढीचे शास्त्रशुद्ध निरीक्षण केले ते आमच्या वाड्यात. चौकाच्या दोन अंगांना समोरासमोर दोन बिऱ्हाडे होती: एकात तात्या, मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून, आणि दुसऱ्यात मास्तर, जे अजून निवृत्त व्हायचे होते आणि म्हणून तात्यांच्या दृष्टीने कच्चे होते. दोघेही वर्षभर एकमेकांच्या घरचा चहा पीत आणि एकमेकांच्या वर्तमानपत्रावर गुजराण करीत. परंतु वसुबारस आली की दोघांच्या ओसरीवर कामट्या, खळ आणि पतंगाचा कागद निघे, आणि चहा बंद होई.

एका वर्षी मास्तरांचा आकाशकंदील आधी लागला. तात्या चौकात उभे राहून तो बराच वेळ न्याहाळीत होते. मग म्हणाले, "मास्तर, कंदील सुरेख झालाय हो. शिवाय खाली लावलात हे फार बरं केलंत, लहान मुलांनासुद्धा नीट दिसतो."

मास्तरांनी नमस्कार केला, आणि संध्याकाळी त्यांच्या बांबूला आणखी एक बांबू जोडला गेला. दुसऱ्या दिवशी तात्यांचा कंदील त्याहून हातभर वर चढला, तेव्हा मास्तर म्हणाले, "बरोबरच आहे तात्या, आपली नजर पहिल्यापासून वरिष्ठांकडेच."

त्यानंतर कप्पी आली, सुंभाची दोरी आली, आणि दोन्ही घरची मुले चौकात उभी राहून आपापली दोरी खाली ओढू लागली, तसतसा कंदील वर चढू लागला. ज्या कोणी 'चढाओढ' हा जोडशब्द प्रथम घडविला त्याच्या वाड्यात दिवाळीची कप्पी असली पाहिजे, अशी माझी तेव्हापासूनची खात्री आहे. भाऊबिजेपर्यंत दोन्ही कंदील इतक्या उंचीवर पोचले होते की, चौकातून केवळ त्यांच्या झिरमिळ्या दिसत, आणि प्रकाश सगळा शेजारच्या वाड्याला मिळे. त्या वाड्याने आपला कंदील लावण्याचे रहित केले, ही गोष्ट तात्यांना आणि मास्तरांना सारखीच झोंबली.

अखेर घरमालकांची नोटीस आली: बांबू कठड्याला बांधल्यामुळे कठडा हलतो, सबब ते तत्काळ उतरवावे. आता मात्र दोघांची एकजूट झाली. तात्यांनी कायद्याच्या भाषेत मसुदा केला, मास्तरांनी त्यातले ऱ्हस्वदीर्घ सुधारले, तात्यांनी ते पुन्हा बिघडविले, आणि असा सर्वांगसुंदर संयुक्त अर्ज तयार झाला. तो मात्र घरमालकांपर्यंत गेला नाही, कारण पहिली सही कोणाची हे ठरेना. नांगराच्या निशाणीची सोय त्या दोघांना उपलब्ध नव्हती.

चढाओढ नाहीशी करू पाहणारे सुधारक मला म्हणूनच भाबडे वाटतात. तिच्यावर उपाय शोधला तो वारकऱ्यांनी, आणि तोही ती मिटविण्याचा नव्हे, तर ऐकून घेण्याचा. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत कोणती दिंडी रथाच्या पुढे, कोणती मागे, हे ठरलेले असते. आणि पंढरीत शिरताना तर अनेक पालख्या पुढे जाऊन माउलींची पालखी सर्वांच्या शेवटी येते, म्हणजे मागे राहण्याचाही मान असतो. संध्याकाळी मुक्कामावर समाजआरतीसाठी दिंड्या भोवती उभ्या राहतात. चोपदार हातातला दंड उंच करतो, आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याजवळ जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्याची तड लावतो, आणि मगच आरती सुरू होते.

आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत सध्या गणपतीच्या आरतीचे ताट पहिल्या दिवशी कोणी धरायचे यावरून दोन मजल्यांत बोलणे बंद आहे, आणि चिटणीस दोन्ही बाजूंना आळीपाळीने पत्रे लिहून थकले आहेत. तेव्हा संस्थेच्या उपविधींत अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार यांच्या जोडीला एक पगारी चोपदार नेमण्याची तरतूद व्हावी, अशी सहकार खात्याला माझी नम्र विनंती आहे. टाळ सभासद आपापल्या खर्चाने आणतील.