मुकादम बदलणारा भाऊ

शहादा-नंदुरबारकडच्या बऱ्याच गल्ल्यांत आता असा एक भाऊ निघतोच. नोकरी पुण्यात, हिंजवडीला. पण दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की स्वारी गावी हजर. बाकीचे घोडे बघायला जातात. हा लॅपटॉप घेऊन गच्चीवर जातो, कारण रेंज तिथेच येते आणि कंपनीने कामाला वेळ दिलेली असते शनिवारी रात्री बाराची.

आजी खालून विचारते, “काय करी ऱ्हायना रे भाऊ?”

“लोड बॅलन्सर बदलतोय, आजी.”

मिरचीच्या बाजारपेठेत वाढलेल्या आजीला ओझ्याचं वेगळं काय सांगायचं? पोती उतरवताना मुकादम जसा हे पोतं तुला, ते त्याला असं वाटून देतो, तसं हे यंत्र येणारं काम सर्व्हरांच्या पाठीवर वाटतं. अधूनमधून हाक मारून कोण उभा आहे, कोण बसला, तेही बघतं. भाऊला हा मुकादमच बदलायचाय, आणि तोही गाडी रिकामी होत असताना. हमालांना कळता कामा नये, व्यापाऱ्याला तर नाहीच नाही.

जुन्या मुकादमाची वही मात्र वाचण्यासारखी असते. अमक्या पत्त्यावरून आलेलं काम तिसऱ्यालाच द्यावं. का? लिहिणारा कधीच नोकरी सोडून कॅनडात गेलाय. एका नियमापुढे शेरा आहे, ‘तात्पुरते’, आणि साल 2014. भाऊ इतर नियमांवर वाद घालेल, पण हा नियम नव्या यंत्रात सगळ्यांत आधी उतरवेल. जे कळत नाही ते काढायचं नाही, ही या जमातीची कुळाचाराइतकी पक्की रीत. (आणि ती चुकीची आहे असं छातीठोक म्हणणाऱ्याने एकदा तो नियम काढून दाखवावा.)

जुनी फाइल नव्या डब्यात ओतली की झालं, असं फक्त साहेबाला वाटतं. नव्या डब्यात पोर्टांची नावं निराळी. परवाना जुन्याच्या सिरीयल नंबरला बांधलेला. सर्टिफिकेट सापडतं, त्याची किल्ली सापडत नाही. एवढं निस्तरून डबा चालू करावा, तर तो सगळे सर्व्हर मेल्याचं जाहीर करतो. मेलेलं कुणीच नसतं. डब्याचा पत्ता नवा, म्हणून फायरवॉल त्याची हाक आतच जाऊ देत नाही. मग फायरवॉलवाल्याला उठवा. तो शनिवारी रात्री फोन उचलत नाही, हा एकमेव नियम कुठल्याही वहीत न लिहिता पाळला जातो. अखेर गाडी नव्याकडे वळते, तरी शेजारचा राउटर जुन्याच पत्त्यावर माल टाकत बसतो. त्याची आठवण हाताने पुसावी लागते.

पहाटे सगळं सुरळीत. सोमवारी साहेबाचा मेल येतो, “काहीच फरक जाणवला नाही. काम केलंत ना?” भाऊ हा मेल जपून ठेवतो. त्याच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

परतण्याआधी तो आजीला घेऊन रेशन दुकानात जातो. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. इथल्या अंगठ्यांचा अनुभव तेव्हापासूनचा. आजी मशीनवर अंगठा टेकवते. फिरकी फिरते. दुकानदार म्हणतो, “सर्व्हर डाऊन. उद्या या.”

रांग मुकाट्याने मागे वळते. भाऊ मात्र पुढे सरकतो. “एक पडलाय की सगळे? हेल्थ चेक कुठून होतो? मधला डबा कुणी बदलला का हल्ली?”

दुकानदार चष्म्यावरून बघतो. “तुमचं कार्ड या दुकानाचं आहे का?”